अमेरिकेत बेसबॉल रात्री खेळवायला महामंदीमुळे सुरुवात झाली का?

हो, मेजर लीगपुरतं (म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेपुरतं) बोलायचं तर मंदीनेच ते घडवलं. सामने भर दुपारी व्हायचे. कामावरच्या माणसाला सुटी नाही आणि बेकाराच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, त्यामुळे सिनसिनाटी रेड्स या संघाचं मैदान, क्रॉस्ली फील्ड, ओस पडायचं. म्हणून २४ मे १९३५ रोजी तिथे ६३२ दिवे लागले. त्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये बसून कळ दाबली. २०,४२२ प्रेक्षक आले, रेड्सनी फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाला २-१ हरवलं. परवानगी मात्र हंगामात सातच रात्रींची, प्रत्येक पाहुण्या संघाशी एक. आणि पहिलेपणाचा मान सिनसिनाटीचा नव्हे: कृष्णवर्णीय खेळाडूंचा कॅन्सस सिटी मोनार्क्स संघ १९३० पासूनच ट्रकवर दिवे आणि जनरेटर घेऊन गावोगाव रात्री खेळत होता.