एमआयडीसीची नोटीस मिळालीच नाही, तर?

प्रश्न : आमची शेतजमीन एमआयडीसीसाठी घेणार, अशी सूचना राजपत्रात निघाल्याचे कळले, मात्र एकाही खातेदाराला नोटीस मिळालेली नाही. न्यायालयात दाद मागता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : होय, आणि विलंब न करता मागावी. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 च्या कलम 32 नुसार, संपादनाची अंतिम सूचना राजपत्रात येण्यापूर्वी जमीनमालकांना व हितसंबंधितांना ‘जमीन का संपादित करू नये’ याची कारणे दाखवण्याची नोटीस देणे आणि त्यांचे म्हणणे ऐकणे शासनावर बंधनकारक आहे. म्हणून सूचना कोणत्या तरतुदीखालची आहे, हे प्रथम तपासा. ती केवळ औद्योगिक क्षेत्राच्या घोषणेची असेल, तर संपादन अजून व्हायचे आहे. लेखी हरकत आजच देऊन पोच घ्या. ती कलम 32 च्या पोटकलम (1) खालची, म्हणजे संपादनाची अंतिम सूचना असेल, तर प्रसिद्धीच्या तारखेपासूनच जमीन शासनाकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी शासनाकडे जाते, त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका (शासनाच्या कृतीला थेट आव्हान देणारी याचिका) हाच मुख्य मार्ग उरतो.

नोटीस बजावल्याचा अहवाल आणि पंचनामा माहिती अधिकारात मागवा. सातबाऱ्यावर वारसनोंद न झाल्याने मृत आजोबांच्या नावे निघालेली नोटीस चावडीवर डकवून बजावणी पूर्ण झाल्याचे दाखवले जाते, आणि हा कष्टकरी कुटुंबांवर होणारा उघड अन्याय आहे. तसे घडले असल्यास मृत्यूचा दाखला याचिकेला अवश्य जोडा.