फ्री डिशचं रेकॉर्डिंग: आधी छत्री, मग संगणक

फ्री डिशवरच्या मालिका संगणकावर रेकॉर्ड करायला जुना पीसी चालेल, नवा घेऊ नका. सुरुवातीला एवढंच बघा:

- डीटीएचच्या पैसे भरून घेतलेल्या वाहिन्या ट्यूनर कार्डावर (छत्रीचा सिग्नल पीसीत घेणारं कार्ड) उघडत नाहीत, त्या कूटबद्ध असतात. डीडी फ्री डिशच्या एमपेग-२ (व्हिडिओची एक जुनी पद्धत) वाहिन्या खुल्या आहेत. तिथूनच सुरू करा.
- छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला, नीट लावून घ्या. सिग्नल कच्चा असेल तर चित्र फुटणारच. लोक मात्र सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतात!
- दोन ट्यूनर हवेत? साधा स्प्लिटर लावू नका. दोन आउटपुटचा एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) घ्या, प्रत्येकाला स्वतंत्र केबल.

पीसीवर टीव्हीहेडएंड (रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर), टीव्हीवर कोडी (ते दाखवणारं ॲप). मधे वायफायऐवजी लॅनची वायर. जाहिराती कापणं वगैरे नंतर बघू. आधी एक मालिका आठवडाभर न चुकता रेकॉर्ड होऊ द्या.