'पर्वतीय मृदा' म्हणजे नेमकी कोणती माती? पश्चिम हिमालयात जमिनीचा वापर कसा ठरवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नकाशात काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत 'पर्वतीय मृदा' असा एकच रंग दिसतो. मग पश्चिम हिमालयात 1,500 ते 4,500 मीटरच्या दरम्यान प्रत्यक्षात कोणकोणती माती सापडते, आणि कुठे शेती, कुठे बाग, कुठे जंगल, कुठे चराई हे अभ्यासगटाने जागेवर कसं ठरवायचं?

मातीचं नाव शेवटी शोधा. आधी चार गोष्टी पाहा: मातीची खोली, त्यातले दगड, उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि वरून येणारं पाणी तिथे थांबतं की निघून जातं. सपाट प्रदेशात एकाच जातीची माती कोसभर पसरलेली असते. डोंगरात उताराचा फुगीर भाग आणि त्याखालची खोलगट जागा यांत पन्नास पावलांचं अंतर असलं तरी एकीकडे वीतभर माती आणि दुसरीकडे मीटरभर, असं सहज होतं. फुगीर भागावरून माती सतत निसटते, खोलगट भागात ती येऊन साठते. नकाशाच्या प्रमाणात हा फरक दाखवताच येत नाही, म्हणून एक रंग.

खड्डा घ्या. तळखडक किंवा मुरूम लागेपर्यंत, नाहीतर 1 मीटरपर्यंत. प्रत्येक थरातली माती 2 मिमीच्या चाळणीतून काढा आणि वर राहिलेल्या दगडांचं घनफळ मोजा (पाण्याने भरलेल्या बादलीत दगड टाकून पाणी किती चढलं ते पाहिलं की काम होतं). एक हिशेब करून बघा. खोली 60 सेंमी, दगड 40 टक्के. म्हणजे खरी माती 36 सेंमी. पोयट्याच्या मातीत दर 10 सेंमीला पिकाला मिळू शकेल असं साधारण 15 मिमी पाणी राहतं, म्हणजे एकूण 54 मिमी. पीक दिवसाला साडेचार मिमी पाणी घेत असेल तर ते 12 दिवस पुरतं, आणि निम्मं संपलं की, म्हणजे सहाव्या दिवसापासूनच, पीक ताण दाखवू लागतं. पावसाळ्यात भरपूर पाऊस पडणाऱ्या गावात खंड पडताच पिकं का माना टाकतात, याचं उत्तर बहुतेकदा या हिशेबात असतं.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचतानाही हेच दगड आडवे येतात. तपासणी चाळलेल्या मातीची होते, आणि हेक्टरी आकडे काढताना वरच्या 15 सेंमी थराचं वजन सुमारे 22.4 लाख किलो धरलेलं असतं. जमिनीत 40 टक्के दगड असतील तर मातीचं वजन त्यापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून हेक्टरी उपलब्ध अन्नद्रव्यंही अहवालापेक्षा कमी. दुसरा सापळा सेंद्रिय कर्बाचा. आपल्याकडे 0.75 टक्क्यांच्या वर कर्ब असला की नत्र 'भरपूर' असा शेरा मिळतो. उंचीवर दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, पालापाचोळा कुजण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे जंगलाखालच्या मातीत कर्ब 3-4 टक्के सहज सापडतो. पण तो साठलेला असतो, सुटा झालेला नसतो. थंड मातीत जिवाणू हळू काम करतात आणि वसंतात पेरलेलं पीक काळ्याभोर मातीत पिवळं पडतं. काळा रंग म्हणजे सुपीकता, हा मैदानी अनुभव इथे लागू होत नाही.

उताराच्या दिशेकडे खूप लोक दुर्लक्ष करतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त, बर्फ लवकर वितळतं, माती पातळ आणि कोरडी; तिथे गवत आणि खालच्या उंचीवर चीड (पाइन). समोरच्या उत्तराभिमुख उतारावर त्याच उंचीला बांज (ओक), देवदार किंवा फर, आणि ओलसर, जास्त खोल माती. गावं आणि शेतं मुख्यतः उन्हाच्या बाजूला असतात, कारण तिथे हंगाम मोठा मिळतो. म्हणजे लोकांनी ऊन निवडून मातीवर तडजोड केलेली आहे. अशा शेतात शेणखत आणि बांधाची डागडुजी थांबली की दोन-चार पावसाळ्यांत फरक दिसतो.

मूळ खडकही बघून घ्या. मसुरी भागासारख्या चुनखडकावर चिकण, तांबूस, उदासीन सामूची (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) माती तयार होते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुना असलेला थर फसफसतो. ग्रॅनाइट आणि नाइसवर रेताड, आम्लधर्मी माती. फायलाइट आणि शिस्टवरची माती अभ्रकामुळे बोटांना गुळगुळीत लागते. तिथे खडकाचे पापुद्रे उताराच्याच दिशेने झुकलेले असतील तर पायथा कापून रस्ता किंवा घराची जागा काढू नका, वरचा थर घसरतो.

1,500 ते 2,400 मीटरच्या पट्ट्यात शेती आणि बागा आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. बांजच्या जंगलाखालची तपकिरी वनमाती या सगळ्यांत चांगली: भुसभुशीत, किंचित आम्ल, पाणी मुरवणारी. गावाचे झरे बऱ्याचदा याच मातीवर चालतात, तेव्हा शेतीसाठी तिच्यावर हात टाकू नये. उताराच्या पायथ्याशी साठलेली माती शेतीची. पायऱ्यांची शेती साधारण 33 टक्के उतारापर्यंत ठीक. त्यापुढे 50 टक्क्यांपर्यंत फळझाडांसाठी अर्धचंद्राकृती ओटे, आणि त्याहून तीव्र उतार गवत-जंगलाला. टक्के आणि अंश यांत गल्लत करू नका: 33 टक्के म्हणजे सुमारे 18 अंश, 50 टक्के म्हणजे साडेसव्वीस.

पायरी किती उंच घ्यायची हे मातीची खोली ठरवते. आतल्या कडेला पायरीच्या उंचीच्या निम्मं खोदावं लागतं. माती 60 सेंमी असेल आणि खोदाईनंतर मुळांसाठी 30 सेंमी ठेवायची असेल, तर पायरी 60 सेंमीपेक्षा उंच घेता येत नाही. 25 टक्के उतारावर उभी दगडी ताल (बांधाची भिंत) घातली तर शेताची रुंदी 2.4 मीटर मिळते, आणि एकास एक उताराचा मातीचा बांध घातला तर 1.8 मीटरच. रुंद शेताच्या हौसेपायी उंच पायरी काढली की आतली पट्टी मुरमावर येते आणि तिथे वर्षानुवर्षं पीक खुरटं राहतं. वरची 15-20 सेंमी माती आधी बाजूला काढून शेवटी परत पसरायची, हा नियम कंत्राटी कामात पहिला मोडला जातो. जोरदार पावसाच्या भागात शेताला डोंगराच्या बाजूने अडीच टक्के आतला कल द्या (2.4 मीटरला 6 सेंमी), आणि आतल्या कडेच्या चराला पाणी बाहेर काढणाऱ्या नाल्याकडे अर्धा ते एक टक्का उतार. ताल फुगून पडते ती मागे साचलेल्या पाण्यामुळे. कोरड्या दगडांची ताल पाणी सोडते. सिमेंटची घातली आणि पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत तर ती जास्त लवकर कोसळते.

सफरचंदाला किमान मीटरभर खोली, चांगला निचरा आणि 5.5 ते 6.5 सामू हवा. दरीचा अगदी तळ टाळा, कारण रात्री थंड हवा तिथे उतरून साचते आणि फुलोऱ्यात दव गोठतं. मधल्या उतारावर ती हवा वाहून जाते.

2,400 मीटरच्या वर फर आणि स्प्रूसखाली पॉडझॉलकडे झुकणारी माती दिसते. ओळख सोपी आहे: वर न कुजलेल्या सुयांचा थर, त्याखाली राखेसारखा फिकट पट्टा, त्याखाली गंजाच्या रंगाचा. सामू 5 च्या खाली गेला की अॅल्युमिनियम विरघळून मुळांना बाधतं. ही जमीन जंगलालाच राहू द्यावी. आधीच मोकळी झालेली असेल तर बटाटा हे आम्लता सोसणारं पीक. चुना द्यायचा तर थोडा थोडा करून, दोन-तीन हंगामांत.

साधारण 3,300 ते 3,600 मीटरला भोजपत्र (बर्च) आणि बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) ही झाडं संपतात आणि बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, सुरू होतात. इथली माती फसवी. वर 10-20 सेंमी जाड, बारीक मुळांनी विणलेली गवताची गादी, खाली लगेच दगड-खडी. गादी अखंड आहे तोवर सगळं ठीक. खुर, तंबूची चर किंवा पायवाट यांनी ती एकदा फाटली की उघड्या मातीत रात्री बर्फाच्या सुया उभ्या राहतात, कण उचलतात, दुपारी वितळून सोडून देतात, आणि पाऊस ते वाहून नेतो. चिरेची घळ होते. म्हणून बर्फ वितळून माती चिखलाची असताना जनावरं वर नेऊ नयेत; वाफसा येऊ द्या. कळप रोज एकाच जागी बसवला तर शेणमुतातलं नत्र तिथे साठतं, गवत हटतं आणि रुमेक्ससारखी तणं जागा व्यापतात. मात्र चराई पूर्ण बंद करणं हेही सरसकट उत्तर नाही. उत्तराखंडातली फुलोंकी घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली, चराई थांबली, आणि पुढे पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम हे उंच वाढणारं तण इतकं पसरलं की ते उपटण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. माझं मत: थोडी, फिरती आणि उशिरा सुरू होणारी चराई. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली, तिच्यामागे हेच मातीचं दुखणं होतं. दयारा बुग्यालमध्ये घळी बुजवायला काथ्याच्या जाळ्या, चिडाच्या वाळलेल्या सुया आणि बांबू वापरले गेले. सिमेंटचा बंधारा अशा जागी टिकत नाही, कारण गोठणं-वितळणं त्याचा पाया हलवतं.

मुख्य रांगेपलीकडे लडाख-स्पितीत चित्र उलटं. लेहला वर्षाला सुमारे 100 मिमी पाऊस, माती रेताड-गोट्यांची, सामू 8 च्या आसपास किंवा वर, कर्ब अत्यल्प. शेत तिथेच जिथे हिमनदीचं पाणी पोचतं. त्या पाण्यातला पिठासारखा गाळ शेतावर पापडी धरतो, म्हणून पेरणीनंतरचं पहिलं पाणी हलक्या हाताने. जर्दाळूची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची उणीव समजा, चुनखडीमुळे ते अडकलेलं असतं. खोलगट जागी पांढरी पूड दिसली तर क्षार वर येत आहेत. तिथे निचरा नसताना जास्त पाणी देऊ नका. पडीक कडांना छरमा (सीबकथॉर्न हे काटेरी झुडूप) उत्तम, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात.

नाल्याच्या तोंडाशी पसरलेला गाळाचा पंखा सर्वांत मोहात पाडतो: सपाट, खोल, पाणी जवळ. तो कधी तयार झाला आणि अजून वाढतोय का, हे आधी बघा. दगडांवर जुनं दगडफूल असेल तर भाग स्थिर. दगड ताजे, धारदार, झाडं एकाच वयाची, बुंधे अर्धे गाडलेले असतील तर नाला अजून तिथे येतो. ऑगस्ट 2010 मध्ये लेहला दगड-चिखलाचे लोंढे अशाच वाटांनी उतरले. तिथे शेत करा, घर नको.

तुमच्या गटासाठी शेवटचं: खड्डे पावसाळा संपल्यावर घ्या, तेव्हा थरांचे रंग ओलसर मातीत नीट दिसतात. निळसर-राखाडी मातीत गंजाचे ठिपके आढळले तर ती माती वर्षातला मोठा काळ पाण्याने भरलेली असते, नोंद करा. माती काढताना प्रत्येक थराचा ढीग वेगळा ठेवा आणि बुजवताना खालचा आधी, वरचा शेवटी. बुग्यालात नवा खड्डा खणू नका. फाटलेल्या कडेला किंवा घळीच्या भिंतीत सगळे थर आयते दिसतात, तिथेच मोजमाप घ्या.