जगातल्या गरिबीचा अभ्यास अर्थतज्ज्ञ कसा करतात, आणि ती कमी करण्यासाठी नेमके काय करतात?

आपण विचारले आहे की दिवसाला तीन डॉलरची दारिद्र्यरेषा वातानुकूलित खोलीत बसून ठरवली जाते का, आणि अर्थतज्ज्ञ गरिबी मोजण्यापलीकडे काही करतात का. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. रेषा खोलीतच ठरते हे मला मान्य आहे. मात्र तिच्याखाली किती माणसे आहेत याचा आकडा कोणाच्या तरी ओसरीवर तयार होतो, आणि माझ्या मते खरी गुंतागुंत तिथेच आहे.

रेषेचे आधी सांगतो. जगातल्या सर्वांत गरीब देशांनी आपापल्या दारिद्र्यरेषा कुठे आखल्या आहेत हे पाहून त्यांच्या मधली एक पातळी जागतिक बँक निवडते. १९९० मध्ये ती दिवसाला एक डॉलर होती, जून २०२५ पासून तीन डॉलर आहे. हा डॉलर बाजारभावाने मोजायचा नसतो. नागपूरच्या इतवारीत केस कापायला जे पैसे लागतात त्यांत अमेरिकेत न्हाव्याच्या खुर्चीवर बसताही येणार नाही, म्हणून निरनिराळ्या देशांतल्या किमतींची तुलना करून रुपयाची खरी क्रयशक्ती काढतात. आपल्याकडे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दुसरी वाट घेतली होती : माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च लागतो, हे पाहून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी महिना १५ रुपयांची रेषा आखली.

आता ओसरी. काही वर्षांपूर्वी कुही तालुक्यातल्या एका गावात मी विद्यार्थ्यांना कुटुंबाच्या खर्चाची प्रश्नावली भरण्याचा सराव देत होतो. एका मावशींना महिन्याभरात किती तेल लागले असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन किलो धरा. महिन्याचं कोन ध्यानात ठेवते, बापा?” मग एका विद्यार्थिनीने गेल्या सात दिवसांचे विचारले. दुकानातून रोज आणलेल्या सुट्या तेलाचा हिशेब त्यांनी बोटांवर केला, मध्ये पाहुणे आले होते त्या दिवशीचे वेगळे आठवले, आणि आकडा पाऊण किलोपर्यंत गेला. म्हणजे महिन्याला तीन किलो. घर तेच आणि तेलही तेच असताना दुसऱ्या प्रश्नाने ते कुटुंब कागदावर थोडे श्रीमंत झाले.

हा विनोद वाटेल, पण २०११-१२ च्या भारतीय सर्वेक्षणाचेही असेच आहे. सगळ्या वस्तूंसाठी गेल्या ३० दिवसांचा खर्च विचारला तर १.९० डॉलरच्या जुन्या रेषेखाली सुमारे २१ टक्के लोक येत होते. तेल, भाजी, अंडी यांसाठी सात दिवस आणि कपडे, शिक्षण वगैरेंसाठी वर्ष धरले, की तेच प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर उतरत होते. त्यामुळे ‘इतके कोटी लोक गरिबीतून बाहेर आले’ अशी बातमी वाचताना दोन्ही वेळी प्रश्न एकच विचारला होता का, हे मी सर्वप्रथम पाहतो. आपणही पाहावे.

गरिबी कमी करण्याच्या प्रयत्नांत गेल्या पंचवीस वर्षांत प्रयोगांना मोठे स्थान मिळाले. चिठ्ठ्या टाकून काही गावांत योजना द्यायची, काहींत द्यायची नाही, आणि नंतर फरक मोजायचा. २०१९ चे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना याच कामासाठी मिळाले. उदयपूर जिल्ह्यातल्या प्रयोगात एरवी ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण होत होते. दरमहा खात्रीने शिबिर भरू लागल्यावर ते १८ टक्के झाले, आणि प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ व लसीकरण पूर्ण झाल्यावर धातूच्या थाळ्या दिल्यावर ३९ टक्के. डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च जवळपास निम्मा झाला, कारण रिकामी बसणारी परिचारिका कामाला लागली. तरीही मजुरी का वाढत नाही किंवा कारखाने का येत नाहीत, हे प्रश्न अशा प्रयोगांत मावत नाहीत, आणि देशोदेशीची गरिबी मोठ्या प्रमाणात हटली ती बहुतांशी त्यांच्याच उत्तरांनी.

रोजगार देऊन गरिबी कमी करण्याचे महाराष्ट्राचे उदाहरण मात्र जगभर अभ्यासले गेले. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेत लाभार्थी निवडण्याची गरज नव्हती. उन्हात खडी फोडायला गरजू माणूसच येणार, हीच चाळणी. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, जो आपल्या पगारपत्रकात आजही दिसत असेल. एक डॉलरच्या रेषेमागचे अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांनीच सहकाऱ्यांसह या योजनेचा अभ्यास केला. १९८८ मध्ये मजुरी दुपटीच्या आसपास वाढवल्यावर कामावरची हजेरी घटली, आणि काम मागणाऱ्या सगळ्यांना ते मिळेनासे झाले, असे त्यांना आढळले. मजुरी वाढली, पण हमी पातळ झाली.