अपग्रेडच्या आशेवर जास्त भाडे मोजावे का?

आपला सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावर टॉवेलचा कारखाना असून दर जानेवारीत आपण मुलासह फ्रँकफर्टच्या ‘हाइमटेक्स्टिल’ या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला जाता. माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या सभासद योजनेत साठलेल्या गुणांवर, बिझनेस क्लासचे अपग्रेड (इकॉनॉमीच्या तिकिटावर वरच्या वर्गाची सीट) मिळावे म्हणून प्रत्येकी २२ हजार रुपये जास्त भाड्याचे इकॉनॉमी तिकीट काढावे का, आणि माइल्स वाढवण्यासाठी वर्षाला ५० हजार रुपये शुल्काचे क्रेडिट कार्ड घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शुल्कावरील १८ टक्के जीएसटी धरला, तर एकूण १ लाख ३ हजार रुपये आपण सीटसाठी नव्हे, तर प्रतीक्षायादीतील नावासाठी मोजणार आहात. विमान कंपनी बिझनेस क्लासची रिकामी दिसणारी प्रत्येक सीट अपग्रेडला देत नाही. ती रोख गिऱ्हाइकाला विकली जाणार नाही असा अंदाज आल्यावरच, पुष्कळदा अगदी शेवटच्या दिवसांत, सोडते. मग साधारणपणे आधी सभासदाची श्रेणी, त्यानंतर तिकिटाचा भाडेवर्ग (ते स्वस्त की महाग दराचे) आणि शेवटी विनंतीची वेळ पाहिली जाते. वर्षातून एकदाच परदेशी जाणारा प्रवासी या यादीत सहसा खाली राहतो, आणि प्रदर्शनाच्या आठवड्यात तर मुळात सुटणाऱ्या सीटच कमी असतात. शिवाय दोघे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, असाल, तर एक सीट सुटूनही विनंती अडकू शकते. अपग्रेड न झाल्यास माइल्स सहसा खात्यात परत येतात. त्यासाठी जास्त मोजलेले भाडे मात्र परत येत नाही.

कार्डाची मला अधिक काळजी वाटते. सुताची बिले त्यावर भरली आणि निर्यातीचे पैसे लांबले, तर थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते.

आपण लिहिलेल्या कंबरदुखीचा विचार मात्र करायलाच हवा. सुमारे नऊ तासांच्या विमानप्रवासानंतर दिवसभर स्टॉलवर उभे राहायचे असल्याने, आपल्या एकट्यासाठी जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी अशा तिकिटाचा दर एजंटाकडून मागवावा, आणि तो भांडवलाला हात न लावता परवडत असेल तर सरळ विकत घ्यावा. बुकिंग करतानाच फर्मचा जीएसटी क्रमांक द्यावा, म्हणजे कराचे इनपुट क्रेडिट घेता येईल (तिकिटावर भरलेला कर फर्मच्या देय जीएसटीतून वजा करता येईल). ते सीएंकडून तपासून घ्यावे. साठलेल्या माइल्सची मुदत आजच पाहावी, आणि ती जवळ आली असेल तर त्यातून देशांतर्गत प्रवासाची तिकिटे काढून टाकावीत.