हित्ती काळातलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात उभ्या राहिलेल्या प्राचीन साम्राज्याच्या काळातलं, मंदिर आतून कसं असायचं? सजावट काय असायची?

एकच उदाहरण घेतो, माझ्या आवडीचं: वायव्य सीरियातल्या आफ्रीनजवळचं ऐन दारा. 1955 साली तिथल्या टेकाडावर काळ्या बेसॉल्टचा प्रचंड सिंह सापडला आणि 1980 ते 1985 या काळात पुरातत्त्वज्ञ अली अबू अस्साफ यांनी मंदिर उकरून काढलं. त्यांच्या मते बांधकाम तीन टप्प्यांत झालं, साधारण इ.स.पू. 1300 ते 740. म्हणजे हित्ती साम्राज्य बुडालं तरी त्या वळणाचं काम इथे चालूच होतं.

रचना सरळ आहे. फरसबंद अंगण, त्यात पाण्याचं कुंड, मग पायऱ्या, दोन खांबांची देवडी, एक आडवी खोली, तिच्यामागे जवळपास 17 मीटर चौरस दालन आणि अगदी शेवटी देवाचा चौथरा. बायबलमधलं सॉलोमनच्या मंदिराचं वर्णन वाचलं असेल तर ओळखीचं वाटेल. नंतरच्या काळात मंदिराच्या तीन बाजूंनी बोळ वाढवला. आपल्याला पटकन प्रदक्षिणेची वाट आठवते.

भिंतींच्या तळाशी बेसॉल्टचे कोरीव चिरे: सिंह, स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं), पर्वतदेव, गोफ विणल्यासारखी नक्षी. आणि खोट्या खिडक्या! अख्ख्या दगडात चौकट आणि जाळी कोरलेली, आरपार काही नाही. वरच्या भिंती कच्च्या विटांच्या, त्या केव्हाच गेल्या.

पण मला भुरळ पडली ती पावलांची. देवडीत दोन अनवाणी पावलं शेजारी शेजारी कोरली आहेत, एकेक जवळजवळ मीटरभर लांब. पुढे फक्त डावं. मग एकदम मोठ्या दालनाच्या उंबऱ्यावर उजवं, मध्ये सुमारे नऊ मीटर! देवता दारात क्षणभर थांबली आणि ढांग टाकून आत गेली. गौरी आणताना आपण दारापासून आत पावलं काढतो ना, तसंच. (दोन्हींचा संबंध काही नाही, मला आपलं आठवलं.) बाहेर येणारं पाऊल मात्र एकही नाही. ती देवता म्हणजे इश्तार ही प्रेम आणि युद्धाची देवी की वादळाचा देव, यावर अभ्यासकांचं अजून जुळलेलं नाही.

जानेवारी 2018 मध्ये तुर्कस्तानच्या हवाई हल्ल्यात मंदिराची मोठी पडझड झाली. फोटो शोधाल तेव्हा त्याआधीचे शोधा.