पहिल्यांदा नागपूरला येतोस? तान्ह्या पोळ्याला ये
भाऊ, एकच फेरी जमणार असेल तर पोळ्याचा दुसरा दिवस धर. त्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. १८८० च्या दशकापासूनची परंपरा. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" हा घोष गल्लीत घुमला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना जे खुपलं त्याचे पुतळे. सकाळीच इतवारी गाठ. नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबती समोरासमोर येतात, ते चुकवू नको. गाडी लांबच ठेव, चपलेऐवजी बूट घाल, रस्ता ओला असतो. कुणी "वर या, गॅलरीतून बघा" म्हटलं तर संकोच करू नको. इथले लोक मनापासून बोलावतात.

दुसऱ्या दिवशी आधी चण्याची लाल तर्री घातलेले पोहे, मग दीक्षाभूमी. अजब बंगला, म्हणजे इथलं जुनं संग्रहालय, १८६३ चं, सोमवारी बंद असतं. संध्याकाळी देशपांडे सभागृहात काय आहे ते पेपरात बघून घे.

झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्टीची नाटकं मात्र दिवाळीनंतर, गडचिरोलीतल्या वडसा भागात. रात्रभर चालतात, शाल सोबत ठेव.